पुण्याला खासदार नाही हे तुम्हाला कधी जाणवलं?

नारायणपेठी | १४ डिसेंबर २०२३, सकाळी ७:५०

काल मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला सुनावलं की पुणे लोकसभेची पोटनिवडणूक लगेच घ्या. बातमी वाचून मी जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकांना सहज विचारलं, "काका, आपला खासदार कोण?" ते म्हणाले, "बापट." दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि म्हणाले, "अरे हो, ते तर गेले."

गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. साडेआठ महिने होऊन गेले. कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत जागा भरायला हवी होती. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली, तेव्हापासून प्रशासक. म्हणजे नगरसेवक नाही, महापौर नाही, खासदार नाही. एवढ्या मोठ्या शहरात निवडून आलेली माणसं म्हणजे फक्त आमदार. आणि शहर चाललंय! खड्डे तेवढेच, मेट्रोचं काम तेवढंच, लक्ष्मी रस्त्याला गर्दी तेवढीच.

म्हणून प्रश्न असा की, खासदार नाही हे तुम्हाला कधी, कुठल्या कामात जाणवलं का? जाणवलं नसेल तर तसंही सांगा. माझं मत विचाराल तर पोटनिवडणूक व्हायलाच हवी, पण 'का' हे शेजारच्या काकांना पटवून देताना मी अडखळलो, हे कबूल करतो.

टवाळखोर | १४ डिसेंबर, ८:०५

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'एक ते चार' वाला विनोद करणाऱ्याला आधीच दंड जाहीर करा.

कर्वेरोडवासी | १४ डिसेंबर, ८:३१

खरं सांगतो, जाणवलं नाही. ते असतानाही माझं कधी काम पडलं नव्हतं. बापटभाऊ कुठेही उभे राहून गप्पा मारताना दिसायचे, तेवढं दिसणं बंद झालं.

काळा कोट | १४ डिसेंबर, ९:१७

बातम्यांमध्ये बरीच सरमिसळ झालीय, म्हणून जरा सविस्तर.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१-क. हे कलम १९९६ साली आलं. त्याआधी पोटनिवडणुकीला मुदतच नव्हती, जागा कितीही काळ रिकामी राहू शकत असे. आता नियम असा की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची. अपवाद दोनच. एक, त्या सदस्याची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर. दोन, सहा महिन्यांत निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर.

पहिला अपवाद पुण्याला लागूच होत नाही. या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ ला झाली, म्हणजे मुदत १६ जून २०२४ पर्यंत. २९ मार्चपासून मोजा, एक वर्ष आणि अडीच महिन्यांहून जास्त. म्हणून आयोगाने दुसरा अपवाद पकडला. ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र दिलं. कारणं दोन: आमची यंत्रणा २०२४ च्या तयारीत गुंतलीय, आणि आता निवडून येणाऱ्याला जेमतेम तीन-चार महिने मिळतील. एक पुणेकर मतदार हे घेऊन न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती गौतम पटेल आणि कमल खाता यांच्या खंडपीठाला दोन्ही कारणं पटली नाहीत. कायद्यातलं 'कठीण' म्हणजे खरोखरची अडचण. मणिपूरसारखी परिस्थिती असती तर समजू शकतो, असं न्यायालय म्हणालं. निवडणुका घेणं हेच ज्याचं काम, त्याने निवडणुकांच्या कामात आहोत म्हणून निवडणूक टाळायची, हे कसं चालेल? लोकांना प्रतिनिधीविना ठेवणं घटनेत बसत नाही, असा एकूण सूर.

नारायणपेठी, तुमच्या शेजारच्या काकांना एवढंच सांगा: खासदार 'लागतो का' हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

नारायणपेठी | १४ डिसेंबर, ९:४०

@काळा कोट, आभार. पण काका म्हणतील, कायद्याचं राहू द्या, माझ्या नळाला पाणी कधी येणार ते सांगा.

टवाळखोर | १४ डिसेंबर, ९:४४

पाणी महापालिकेचं. आणि महापालिका प्रशासकाची. काकांना प्रशासकाचं नाव विचारा, तिथेही दोन पायऱ्या उतरून थांबतील.

हिशोबनीस | १४ डिसेंबर, ११:०२

मी विरोधात. भावना बाजूला ठेवून आकडे बघा. सहा विधानसभा मतदारसंघ, वीस लाखांच्या आसपास मतदार, दोन हजारांच्या घरात केंद्रं. एवढी माणसं कामाला लावायची, आचारसंहितेत कामं अडकवायची, आणि जो निवडून येईल तो एखाद्या अधिवेशनाला बसून पुन्हा 'मत द्या' म्हणत दारात. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा, म्हणजे आपलाच. शिवाय प्रत्येक उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत खर्चाची मुभा. कागदावरची मुभा म्हणतोय, उरलेलं तुम्ही जाणता.

कायदा शंभर टक्के बरोबर असेल. पण शहाणपण नावाची गोष्ट असते की नाही?

वडगावशेरीची वैशाली | १४ डिसेंबर, ११:३०

@हिशोबनीस, तुमचे तीन-चार महिने आत्ता डिसेंबरात मोजले तर. निवडणूक मे-जूनमध्ये घेतली असती तर वर्ष मिळालं असतं. उशीर त्यांनीच करायचा आणि उशीर झाला म्हणून आता नको, असंही त्यांनीच म्हणायचं? आमच्या सोसायटीचा लिफ्टवाला असंच करतो.

मूळ प्रश्नाबद्दल: मला जाणवलं. तेही अगदी फालतू कामात. माझी बहीण नाशिकहून इथे नोकरीला आली. घरमालक भाडेकरार नोंदवायला तयार नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. आधारवरचा पत्ता बदलायला एक ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र चालतं, त्यावर फोटो चिकटवून नगरसेवक, आमदार, खासदार किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही-शिक्का लागतो. एरवी नगरसेवकाच्या कार्यालयात पाच मिनिटांत होणारं काम. नगरसेवक नाहीत. माजी नगरसेवकाने प्रेमाने चहा पाजला, पण माजी माणसाचा शिक्का चालत नाही. खासदार नाही. उरले आमदार, त्यांच्याकडे सगळं वडगावशेरी रांगेत. तीन खेपा झाल्या. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने एका कॉलेजातल्या राजपत्रित अधिकाऱ्याने सही दिली.

दुसरं म्हणजे आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं. लोहगावच्या नव्या टर्मिनलची इमारत उभी आहे, उद्घाटनाची वाट बघतेय. हा विषय दिल्लीत रेटायचा कोणी?

कर्वेरोडवासी | १४ डिसेंबर, ११:५२

राज्यसभेत पुण्याची माणसं आहेत की. जावडेकर आहेत, वंदना चव्हाण आहेत. अगदीच अनाथ नाही आपण.

काळा कोट | १४ डिसेंबर, १२:०५

ते महाराष्ट्राचे प्रतिनिधी, आमदारांनी निवडून दिलेले. तुम्ही त्यांना पाडू शकत नाही, फरक तो.

रविवारची ड्यूटी | १४ डिसेंबर, दुपारी २:४८

शिक्षिका आहे, डबा खाऊन लिहितेय. पोटनिवडणूक म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आमदार मुक्ता टिळक गेल्यावर फेब्रुवारीत कसब्याची जी पोटनिवडणूक झाली, तिला मी केंद्रावर होते.

लोकांना वाटतं रविवारचं एक दिवसाचं काम. २६ फेब्रुवारीला मतदान, पण आम्ही शनिवारी सकाळपासून साहित्य वाटपाच्या रांगेत. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट, शाईची बाटली, सुतळी, लाख, मेणबत्ती, पन्नास प्रकारची पाकिटं. एक जरी पाकीट कमी निघालं तर रात्री परत करताना तासभर लटकायचं. मुक्काम शाळेतच. पहाटे उठून उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल, कमीत कमी पन्नास मतं टाकून दाखवायची. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. ते क्लिअर करायला विसरलं की नोकरीवरच गदा, म्हणून आम्ही तिघी एकमेकींना ओरडून सांगत होतो, "क्लिअर केलं का गं?"

दिवसभर पेठांमधल्या आज्या येत होत्या. नव्वदीच्या एक आजी नातवाच्या खांद्यावर हात टाकून आल्या. बोटाला शाई लावून घेतली, मत दिलं आणि जाताना मला म्हणाल्या, "टिळकांच्या मुक्ताचं वाईट झालं हो." पोटनिवडणुकीला कोणाच्या तरी जाण्याची सावली असते, ती आमच्या त्या वर्गखोलीतही होती. मतदान मात्र जेमतेम निम्मं.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. लोकसभेची लागली तर पुन्हा जाईन. पण 'घ्या निवडणूक' म्हणताना ती सुतळी-लाख कोण बांधतं तेही आठवा.

नारायणपेठी | १४ डिसेंबर, ३:१०

ताई, प्रतिसाद फार आवडला. मी त्या दिवशी ज्या शाळेत मत दिलं तिथे कदाचित तुम्हीच असाल.

पत्रावळ | १४ डिसेंबर, ४:२६

कसब्याचा विषय निघालाच आहे तर काडी टाकतो. निवडणूक न घेण्याचं खरं कारण कसबा. १९९५ पासून भाजपकडे असलेला बापटांचा गड अकरा हजारांच्या आसपास मतांनी काँग्रेसच्या धंगेकरांकडे गेला. 'हू इज धंगेकर?' विचारणाऱ्यांना उत्तर मिळालं. आधी कोथरूडला कुलकर्णींची जागा गेली, मग टिळकांची, आता नंबर बापटांचा का, असे फलक पेठेत लागले होते, आठवतंय ना? आजारी बापटांना नाकात नळी लावून केसरीवाड्यात आणावं लागलं, तरी जमलं नाही. त्यानंतर लोकसभेची पोटनिवडणूक कोणाला परवडणार होती?

गडकोट | १४ डिसेंबर, ४:५५

आणि त्याच दिवशी चिंचवड राखलं, ते सोयीस्कर विसरलात. छत्तीस हजारांनी. बापट २०१९ ला सव्वातीन लाखांनी निवडून आले होते. घाबरायचं कशाला?

पत्रावळ | १४ डिसेंबर, ५:०१

चिंचवडला अपक्षाने चव्वेचाळीस हजार खाल्ली, हेही सांगा की. तो नसता तर...

गडकोट | १४ डिसेंबर, ५:०४

आत्याबाईला मिशा असत्या तर...

पत्रावळ | १४ डिसेंबर, ५:०६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक | १४ डिसेंबर, ५:३०

पक्षांची उणीदुणी त्या-त्या धाग्यावर काढा. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टवाळखोर | १४ डिसेंबर, ५:३३

रिकाम्या जागांवर सहा महिन्यांत नवे प्रतिसाद यावेत ही विनंती. कलम १५१-क.

चांद्याचा | १४ डिसेंबर, रात्री ९:१२

दोन तास वाचून राहिलो, कोणी चंद्रपूरचं नावच घेईना. बाप्पा, आमचे खासदार बाळू धानोरकर ३० मे ला गेले. तेव्हापासून आमचीही जागा रिकामीच हाय. १६ जून २०२४ पर्यंत मोजा, एक वर्ष अन् सतरा दिवस. म्हणजे आम्हीही त्या एका वर्षाच्या दांडीच्या वरच! सतरा दिवसांनी का होईना.

पण आमच्यातलं कोणी कोर्टात गेलं नाही. पुण्यात चार लोक पेपर वाचून कोर्टात जातात, आमच्याकडं लोक म्हणतात, 'आता लोकसभा येऊनच राहिली ना, काहून दगदग.' कोळसा, प्रदूषण, वाघ, सगळे विषय दिल्लीचे. रेल्वेचा थांबा मागायचा तरी खासदारच लागतो. म्हणून मले तर जाणवलं. पुणेकरांना जाणवलं नसन, तर तुमचं नशीब चांगलं हाय.

नारायणपेठी | १४ डिसेंबर, ९:४०

चांद्याचे भाऊ, चूक मान्य. माझ्या डोक्यात फक्त पुणंच होतं.

टवाळखोर | १४ डिसेंबर, ९:४१

ही बातमी पहिल्या पानावर छापा.

एक जुना डोंबिवलीकर | १५ डिसेंबर, सकाळी ६:५५

पोटनिवडणूक आणि सहानुभूती यावर थोडं. २००८ साली प्रकाश परांजपे गेले तेव्हा आम्ही ठाणे लोकसभेत होतो. फेररचनेच्या आधीचं ठाणे म्हणजे अवाढव्य, कल्याण-उल्हासनगरपासून बेलापूरपर्यंत सगळं एकात. फेब्रुवारीत ते गेले, मे महिन्यात पोटनिवडणूक, मुलगा आनंद परांजपे निवडून आला. पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक होती. तेव्हा कोणी म्हणालं नाही की एका वर्षासाठी कशाला. तीन महिन्यांत उरकलं. एवढ्या मोठ्या मतदारसंघात.

@हिशोबनीस, शहाणपण तेव्हाही होतं बहुतेक.

गोखलेआजोबा | १५ डिसेंबर, ८:२०

मी मूळचा मुलुंडचा, आता पुण्यात मुलाकडे. शहरी पोटनिवडणूक म्हटलं की मला १९६७ आठवतं. ईशान्य मुंबई. काँग्रेसने कृष्ण मेनन यांचं तिकीट कापून स. गो. बर्वे यांना दिलं. मेनन अपक्ष उभे राहिले. काय ती निवडणूक! दोन वेळा उत्तर मुंबईतून निवडून आलेला माजी संरक्षणमंत्री एका मराठी आयसीएस अधिकाऱ्याकडून हरला. नुकतीच जन्मलेली शिवसेना मेनन यांच्या विरोधात उतरली होती.

आणि निकालाला काही दिवस होतात न होतात तोच बर्वे गेले. हृदयविकार. लगेच पोटनिवडणूक. बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या, समोर पुन्हा मेनन. मेनन पुन्हा पडले. एकाच मतदारसंघात एकाच वर्षी भावाकडून आणि बहिणीकडून. मग १९६९ मध्ये मिदनापूरच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत गेले. बघा, तेव्हा सहा महिन्यांचं कलम नव्हतं, तरी कोणी थांबलं नाही.

पुण्यातल्या तरुण मंडळींसाठी: शिवाजीनगरचा स. गो. बर्वे चौक तो याच बर्व्यांचा. पुण्याचे आयुक्त होते, आणि पानशेतनंतर वाहून गेलेल्या पुण्याची घडी पुन्हा बसवायला त्यांनाच बोलावलं होतं.

कर्वेरोडवासी | १५ डिसेंबर, ८:५८

आजोबा, त्या चौकात रोज वीस मिनिटं सिग्नलला उभा असतो. आजपासून कोणाच्या नावाने उभा आहे ते तरी कळलं.

हिलिंग्डनकर | १५ डिसेंबर, दुपारी ४:१५

लंडनच्या पश्चिम टोकाहून. अवांतर वाटेल, पण आहे विषयाचंच. माझा पासपोर्ट भारतीय, तरी इथे राष्ट्रकुलातल्या नागरिकांना संसदेसाठी मत देता येतं. त्यामुळे यंदा जुलैत अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत मत दिलं. आमचे खासदार होते बोरिस जॉन्सन. १२ जूनला त्यांनी जागा सोडली, २० जुलैला मतदान. अडतीस दिवस! इथे तर सार्वत्रिक निवडणूक कधी हेही ठरलेलं नव्हतं.

मतदान कसं, तर कागद आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. शाई नाही. यंदापासून फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यावरून इथले लोक इतके कुरकुरत होते की मला हसू आलं. आपल्याकडे हे किती जुनं!

निवडणूक गाजली ती एका पथकरावरून. जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड, तो कर ऑगस्टपासून आमच्या भागात येणार होता. देशभर सरकारविरोधी वारं, पण आमच्याकडे सरकारी पक्ष ४९५ मतांनी टिकला. निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं. म्हणजे पुणेकरांनी मतदानाच्या टक्क्याची एवढी लाज बाळगायला नको.

गंमत म्हणजे इथे मी मत देऊ शकतो, आणि पुण्यात जिथे माझं घर आहे तिथल्या लोकांना मत देऊ दिलं जात नाही.

हिशोबनीस | १५ डिसेंबर, ५:२०

ब्रिटनच्या एका मतदारसंघात पंचाहत्तर हजारांच्या आसपास मतदार. आपल्याकडे वीस लाख. तुलना पटत नाही.

काळा कोट | १५ डिसेंबर, ५:४४

मग इथलीच तुलना घ्या. जालंधरचे खासदार १४ जानेवारी २०२३ ला गेले, १० मे ला पोटनिवडणूक. कर्नाटक विधानसभेसोबत उरकली. आणि हे दोन्ही कार्यक्रम आयोगाने जाहीर केले तो दिवस होता २९ मार्च. बापट गेले तोच दिवस.

किंवा केरळमधलं पुथुपल्ली. ओमन चंडी १८ जुलैला गेले, ५ सप्टेंबरला मतदान. पन्नास दिवससुद्धा नाहीत. विधानसभेची जागा, मान्य. पण यंत्रणा तीच आणि 'गुंतलेला' आयोगही तोच.

वडगावशेरीची वैशाली | १५ डिसेंबर, ६:०२

२० सप्टेंबरला नव्या संसदेत महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत मतदानाला आलं. ४५४ विरुद्ध २. त्यात पुण्याचं मत नाही. सावित्रीबाईंचं पुणं! माझ्या मते काकांना सांगायला हे पुरेसं आहे. ४५४ चे ४५५ झाले असते, फरक काहीच पडला नसता. तरी मला टोचलं.

कर्वेरोडवासी | १५ डिसेंबर, ६:१५

हे लक्षातच आलं नव्हतं. माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो.

नारायणपेठी | ८ जानेवारी २०२४, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतोय. सर्वोच्च न्यायालयाने आज उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे पोटनिवडणूक नाही. काळे कोट कुठे आहेत?

काळा कोट | ८ जानेवारी, रात्री ८:१०

आहे, आहे. सरन्यायाधीशांच्या पीठापुढे होतं. आता निवडणूक घेतली तर निवडून येणाऱ्याला वेळच उरत नाही, म्हणून स्थगिती. इतका वेळ निवडणूक का घेतली नाही, हेही आयोगाला विचारलं म्हणे. 'कठीण' या शब्दाचा अर्थ काय, तो कायद्याचा प्रश्न पुढे ऐकणार आहेत. पण पुण्यापुरतं प्रकरण संपलं.

हिशोबनीस | ८ जानेवारी, ८:२२

मी बोललो होतो.

वडगावशेरीची वैशाली | ८ जानेवारी, ८:२५

तुम्ही शहाणपण म्हणालात. हे शहाणपण नाही, घड्याळ आहे.

टवाळखोर | ८ जानेवारी, ८:३१

बापट गेल्यावर लगेच 'भावी खासदार' चे फलक लागले होते, त्यांचं काय करायचं? 'अति भावी' असं चिकटवून वापरता येतील.

विदर्भ एक्स्प्रेस | २७ मार्च २०२४, सकाळी १०:०५

अजून एक नमुना जोडतो. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबरात गेले. आयोगाने तिथे मात्र पोटनिवडणूक लावली, लोकसभेसोबतच, २६ एप्रिलला. उमेदवारांनी प्रचाराला सुरुवात केली. आणि काल नागपूर खंडपीठाने अधिसूचनाच रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला वर्षभरही मिळत नाही!

पुण्यात आयोगाला नको होती, न्यायालय म्हणालं घ्या. अकोल्यात आयोगाला हवी होती, न्यायालय म्हणालं नको. दोन्हीकडे निकाल एकच: जागा रिकामी.

चांद्याचा | २७ मार्च, १०:४०

आता तुम्हीही आमच्यात आले. या, बसा.

नारायणपेठी | ४ जून २०२४, रात्री ९:३०

आज पुण्याला खासदार मिळाला. मुरलीधर मोहोळ, १ लाख २३ हजारांनी, समोर कसब्याचेच धंगेकर. २९ मार्च २०२३ पासून मोजले, ४३३ दिवस.

शेजारच्या काकांनी मत दिलं. बाहेर येऊन म्हणाले, "आता नाव लक्षात ठेवीन."

चांद्याचा | ४ जून, ९:५२

आमच्याकडं प्रतिभाताई धानोरकर, अडीच लाखांच्या वर लीड. पोटनिवडणूक घेतली असती तर सहानुभूती म्हटली असती. वर्षभर थांबून आलेलं हे काय म्हणायचं?

गोदाकाठ | २४ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११:१८

नांदेडहून. गूगलवर शोधता शोधता ह्या धाग्यावर आलो, सगळा वाचून काढला. आमचे खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्टला गेले अन् २० नोव्हेंबरला मतदान झालं बगा. ८६ दिवस. विधानसभा होतीच, त्याच्यासोबत लावून टाकली. निकालापर्यंत मोजलं तर पुण्याचे ४३३ अन् आमचे ८९.

मजा ऐका. एकाच केंद्रात दोन मशिनी, एक विधानसभेची, एक लोकसभेची. आमच्या गल्लीतल्या एका मावशीनं पहिलं बटण दाबलं अन् बाहेर निघाली, अधिकारी मागं पळतोय, "मावशी, अजून एक हाय!" मावशी म्हणे, "एकदा दिलं की, आता काय दोन-दोनदा लुटता?"

अन् काल निकाल. लोकसभेच्या हद्दीतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीला, अन् लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी. दिवस तोच, केंद्र तेच, बोट तेच. लोक म्हणतात माणसाला कळत नाही कुणाला मत देतो. मला तर वाटतं लई बारीक कळतं.

पत्रावळ | २४ नोव्हेंबर, ११:४०

व्वा! १,४५७ वर वेगळा धागा काढा.

गडकोट | २४ नोव्हेंबर, ११:४२

सहाच्या सहा वर पण काढा.

संपादक | २४ नोव्हेंबर, ११:५०

नका काढू.

रविवारची ड्यूटी | २४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

@गोदाकाठ, दोन मशिनी म्हणजे सगळी पाकिटं दोन-दोन. तिथल्या माझ्या भगिनींना माझा नमस्कार सांगा.

नारायणपेठी | २४ नोव्हेंबर, २:०५

@वैशाली, तुमच्या बहिणीच्या आधारचं पुढे काय झालं? तेव्हा विचारायचं राहिलं.

वडगावशेरीची वैशाली | २४ नोव्हेंबर, ३:३३

तिने घर बदललं, वर्षभराचा करार संपला. आता पुन्हा तोच फॉर्म. यंदा खासदार आहेत, आमदार काल निवडून आले. नगरसेवकाच्या रकान्यासमोर तिने मागच्याच वेळी रेघ मारून ठेवलीय, ती अजून तशीच चालेल म्हणाली.